‘वकिलानं घात केला’ एवढ्यावर अपील उभं राहत नाही



शिक्षा ऐकून कोर्टाच्या पायऱ्या उतरताना घरच्यांच्या तोंडून पहिलं वाक्य बहुधा हेच निघतं: "वकिलानं घात केला." लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत आपली खानदेशातून आलेली बरीच मंडळी राहतात. त्यांचे अर्ज लिहून देणं, गुजराती कागद मराठीत समजावून सांगणं हे काम मी गेली काही वर्षं करतो. मी वकील नाही. पण हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की त्याबद्दल आपल्या पानावर चार शब्द लिहावेसे वाटले. कारण ते वाक्य कधी कधी अगदी खरं असतं, आणि खरं असूनही कोर्टात त्याचं काही होत नाही. उलट त्यावर रागराग करण्यात अपिलाची मुदत निघून जाते.

आधी एक गोष्ट. आपल्या लोकांत असा समज आहे की दोषी ठरला म्हणजे विषय संपला. उपासनेनंतर बाहेर उभं राहून आपण त्या घराबद्दल हळू आवाजात बोलतो आणि लांबून जातो. पण कायद्याच्या दृष्टीनं पहिल्या कोर्टाचा निकाल हा शेवट नाही. मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली तर सेशन्स कोर्टात, सेशन्स कोर्टानं दिली किंवा शिक्षा सात वर्षांपेक्षा जास्त असली तर हायकोर्टात अपील करता येतं. हा कुणाचा उपकार नाही, हक्क आहे. पौलानं कैसराकडे दाद मागितली ती रोमी नागरिकाचा हक्क म्हणूनच. महायाजकानं बोलका वकील सोबत आणला होता, पौलाच्या बाजूला कोणी नव्हतं, आणि दोन वर्षं तो कैसरीयात कैदेत पडून होता. ही हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. मग आपल्या गल्लीतला कोणी अपील करतो म्हटलं की आपल्याला ते ‘सुटायची धडपड’ का वाटावं?

आता वकिलाबद्दल. आपल्या राज्यघटनेच्या कलम 22 मध्ये पसंतीच्या वकिलाचा हक्क आहे, आणि 1976 च्या घटनादुरुस्तीनं आलेल्या कलम 39-अ मध्ये गरिबाला मोफत कायदेशीर मदत द्यावी असं म्हटलंय. पण नुसता वकील उभा असणं आणि वकिलानं बाजू मांडणं यात फरक आहे. अमेरिकेत 1984 च्या स्ट्रिकलंड निकालापासून याची दोन प्रश्नांची कसोटी ठरली आहे. वकिलाचं काम किमान दर्जाच्या खाली गेलं का? आणि तसं झालं नसतं तर निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता होती का? आपल्याकडे इतकी नेमकी कसोटी एका कायद्यात लिहिलेली नाही. पण सुप्रीम कोर्टाचे निकाल पाहिले तर आपली कोर्टंही साधारण हेच दोन प्रश्न विचारताना दिसतात. काही खटल्यांवरून ते समजून घेऊ.

पहिला खटला मुंबईचा, सगळ्यांच्या माहितीचा. 26/11 च्या हल्ल्यातला कसाब. मे 2010 मध्ये विशेष कोर्टानं फाशी दिली, फेब्रुवारी 2011 मध्ये मुंबई हायकोर्टानं ती कायम केली. सुप्रीम कोर्टात त्याच्या बाजूनं जो मुद्दा मांडला गेला तो हाच होता: सुरुवातीच्या टप्प्यात वकील मिळाला नाही, नंतर मिळालेल्या वकिलाला तयारीला पुरेसा वेळ मिळाला नाही, म्हणून खटला न्याय्य झाला नाही. 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात कोर्टानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात तेव्हापासून त्याला वकिलाचा हक्क आहे, आणि हे त्याला सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. हा नियम आज आपल्या प्रत्येकाच्या कामाचा आहे. दुसरी गोष्ट, खटला चालू असताना वकीलच नसेल तर खटला रद्द होऊ शकतो. पण त्याआधीच्या टप्प्यात वकील नव्हता एवढ्यानं खटला आपोआप रद्द होत नाही, त्यामुळे आरोपीचं प्रत्यक्ष नुकसान झालं हे दाखवावं लागतं. कसाबनं स्वतः वकील नाकारला होता, आणि नुकसान दिसत नव्हतं. अपील फेटाळलं गेलं. ज्या माणसाबद्दल सगळा देश एकमतानं रागावलेला होता त्याचाही हा मुद्दा कोर्टानं नीट ऐकून, कारणं देऊन निकाली काढला. न्याय करायचा म्हणजे असा.

दुसरा खटला दिल्लीचा, उबर टॅक्सीतल्या अत्याचाराचा, डिसेंबर 2014 मधला. आरोपीनं मध्येच वकील बदलला आणि म्हणाला, आधीचा वकील अकार्यक्षम होता, साक्षीदार पुन्हा बोलवा. दिल्ली हायकोर्टानं तेरा साक्षीदार पुन्हा बोलवायला परवानगी दिली. सप्टेंबर 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. वकील बदलला, नवा वकील म्हणतो जुन्यानं नीट विचारलं नाही, एवढ्यावर साक्षीदारांना पुन्हा पिंजऱ्यात उभं करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्यात ती पीडित मुलगीही आलीच. ज्यांना वाटतं की नवा मोठा वकील केला की जुनं सगळं पुसून टाकता येईल, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

तिसरा खटला आपल्यापासून फार लांब नाही. तापीच्या काठानं वर जात राहिलं की बुऱ्हाणपूर, आणि त्याच्या पुढे खांडवा. तिथं जानेवारी 2013 मध्ये एका लहान मुलीचा खून झाला. फेब्रुवारीत आरोपपत्र आलं. कायदेशीर मदतीतून वकील ज्या दिवशी नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. पुढच्या दोनच आठवड्यांत साक्षी, युक्तिवाद सगळं उरकलं आणि 4 मार्च 2013 ला दोषी ठरवलं, फाशी झाली. त्या वकिलानं कागद कधी वाचले असतील? आरोपीशी कधी बोलला असेल? डिसेंबर 2019 मध्ये न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठानं शिक्षा रद्द करून खटला पहिल्यापासून चालवायला सांगितलं, आणि नियम घालून दिले. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात मदतीला नेमायचा वकील किमान 10 वर्षं वकिली केलेला हवा. तयारीला साधारण 7 दिवस तरी हवेत. त्याला आरोपीला भेटू द्यायला हवं.

पण या खटल्याचा पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. दुसऱ्यांदा खटला चालला, 2022 मध्ये पुन्हा फाशी झाली. हायकोर्टानं तीही रद्द केली, कारण डीएनए तज्ज्ञाची साक्षच नोंदवलेली नव्हती. तिसऱ्यांदा चालला, आणि 2024 मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षं तो तुरुंगात होता. आणि त्या मुलीच्या आईबापांना तीन वेळा तेच सगळं ऐकावं लागलं, आणि शेवटी त्यांच्या हातात काय आलं? काहीच नाही. ‘अशा माणसाला वकील कशाला’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: 2013 साली त्या वकिलाला पंधरा दिवस नीट तयारीला दिले असते तर कुणाचं नुकसान झालं असतं? बचावाचं काम कच्चं राहिलं की निकालही कच्चा राहतो. कच्चा निकाल पीडितांच्या घरालाच सगळ्यात जास्त छळतो.

सुरतेत हे आपण नीट समजून घ्यायला हवं. आपल्या शहरातल्या पॉक्सो कोर्टात अलीकडे निकाल लवकर लागतात. डिसेंबर 2021 मध्ये पांडेसऱ्यातल्या एका बालिकेच्या खुनाच्या खटल्यात गुन्ह्यापासून महिन्याभराच्या आसपास फाशीची शिक्षा सुनावली गेली. लवकर निकाल लागणं चांगलंच. खटला वर्षानुवर्षं लोंबकळला की साक्षीदार थकतात, घर मोडतं. त्या खटल्यांत बचाव कमी पडला असं मी म्हणत नाही. पण वेगाचं कौतुक करताना बचावाच्या वकिलाला किती दिवस मिळाले हा प्रश्न विचारायला आपण शिकलं पाहिजे. ऑक्टोबर 2018 मधली लिंबायतची घटना आपण कोणी विसरलेलो नाही. त्या खटल्यात जुलै 2019 मध्ये फाशी झाली, डिसेंबरमध्ये हायकोर्टानं कायम केली, आणि जानेवारी 2020 च्या शेवटी सुरतेच्या कोर्टानं 29 फेब्रुवारीचं डेथ वॉरंट काढलं. सुप्रीम कोर्टात जाण्यासाठी जे 60 दिवस कायद्यानं मिळतात ते तेव्हा संपलेही नव्हते. 20 फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं वॉरंटला स्थगिती दिली. इथं प्रश्न वकिलाचा नव्हता, पण मूळ गोष्ट तीच: दाद मागायची दारं बंद व्हायच्या आधी शिक्षा उरकायची घाई करू नये.

आणि वकील कुणीच घेत नाही अशी वेळ आली तर? काही ठिकाणी बार असोसिएशन ठराव करतात की अमक्याचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. डिसेंबर 2010 मध्ये सुप्रीम कोर्टानं असे ठराव रद्दबातल ठरवले आहेत. आरोपी दोषी आहे असं वकिलाला मनातून वाटत असलं तरी बचाव करणं हे त्याचं कर्तव्य आहे, असं बार कौन्सिलचे नियमच सांगतात. तेव्हा आपल्यातल्या एखाद्या वकिलानं असं वकीलपत्र घेतलं तर त्याच्याशी बोलणं सोडू नका.

वकिलांच्या बाजूनंही थोडं बोललं पाहिजे. वकिलानं एखादा प्रश्न विचारला नाही म्हणजे तो झोपला होता असं नसतं. रडणाऱ्या लहान साक्षीदाराला जास्त प्रश्न न विचारणं कधी कधी शहाणपणाचं असतं. बचावाचा साक्षीदार उभा केला तर सरकारी वकील त्याच्याकडून नको ते वदवून घेईल, म्हणूनही त्याला उभं करत नाहीत. हा डावपेच आहे, आणि डाव फसला म्हणून कोर्ट शिक्षा रद्द करत नाही. हयगय वेगळी. साक्षीमागून साक्षी झाल्या आणि उलटतपास शून्य. आरोपी त्या वेळी दुसऱ्या गावी कामावर होता याचं हजेरीपत्रक घरच्यांनी आणून दिलं आणि ते कोर्टात गेलंच नाही. वकील गैरहजर, आणि त्याच दिवशी मुख्य साक्षीदार तपासून मोकळा. 1997 च्या दिल्लीच्या पंजाबी बाग बस स्फोटाच्या खटल्यात साठाहून अधिक साक्षीदारांपैकी बहुतेकांचा उलटतपास झालाच नव्हता, कारण आरोपीला वकीलच उरला नव्हता. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती फाशी रद्द केली, खटला पुन्हा चालला आणि 2013 मध्ये तो निर्दोष सुटला. अपिलात दाखवायचं असतं ते असं, कागदावर दिसणारं.

म्हणून घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. रागावून फिरण्यापेक्षा पुढची कामं करा.

निकालाची प्रत घ्या. कैदेची शिक्षा झाली की आरोपीला ती लगेच आणि फुकट मिळाली पाहिजे. अर्ज केला तर शक्य असेल तेव्हा त्याच्या भाषेत भाषांतरही मिळू शकतं. हे आपल्या लोकांना माहीतच नसतं. घरात मराठी, कोर्टात गुजराती, हायकोर्टात इंग्रजी, आणि आपण सगळीकडे मान हलवतो. प्रतीचं महत्त्व किती, ते होस्कॉट खटल्यात पाहा. सौराष्ट्र विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला मुंबई हायकोर्टानं तीन वर्षांची शिक्षा केली. निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही असं म्हणत तो चार वर्षांहून अधिक उशिरा सुप्रीम कोर्टात पोचला. 1978 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचं अपील फेटाळलं, पण त्याच निकालात सांगितलं की कैद्याच्या हातात प्रत पोचलीच पाहिजे आणि अपिलासाठी गरीब कैद्याला मोफत वकील दिला पाहिजे. आजचे हक्क अशा खटल्यांतून आले आहेत.

तारीख लिहून ठेवा. सेशन्स कोर्टात अपील करायला साधारण 30 दिवस, हायकोर्टात 60 दिवस. फाशीच्या शिक्षेत ही मुदत 30 दिवसांचीच आहे. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण कारण पटवून द्यावं लागतं. पैसे नसतील तरी थांबू नका. तुरुंगातून अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं, लाजपोरच्या जेलमधूनही. सोबत शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडण्याचा अर्ज करता येतो.

पूर्ण कागद काढा. फक्त निकाल नाही. साक्षीदारांच्या जुबान्या, आणि रोजकाम, ज्याला आपण मराठीत रोजनामा म्हणतो. कोणत्या तारखेला वकील हजर होता, कधी मुदत मागितली, कोणत्या साक्षीदाराला काय विचारलं, हे सगळं त्यातच असतं. नव्या वकिलापुढे बसून दोन रकाने करा: एकीकडे वकिलानं काय केलं नाही, दुसरीकडे त्यामुळे निकालात कोणतं वाक्य चुकलं. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो मुद्दा सोडून द्या आणि पुराव्यातल्या विसंगतीवर जोर द्या. एखादा महत्त्वाचा कागद राहून गेला असेल तर अपील कोर्टाला जादा पुरावा घ्यायचा अधिकार आहे, तो मागा.

वकिलाविरुद्धची तक्रार वेगळी ठेवा. ती राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते, पण त्यानं शिक्षा कमी होत नाही. आणि ग्राहक मंचात वकिलाला खेचता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं मे 2024 मध्ये सांगितलंय. दोन्ही लढाया एकाच वेळी लढायला गेलात तर महत्त्वाची हराल.

मोफत वकील मागायची लाज बाळगू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत मदत मिळते. स्त्रियांना आणि आदिवासींनाही. आपल्यातल्या पुष्कळांना जातीच्या दाखल्याची अडचण असते, हे मला माहीत आहे. तुरुंगातल्या माणसासाठी तो दाखला लागतच नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं काम जिल्हा न्यायालयातून चालतं, राष्ट्रीय मदत क्रमांक 15100 आहे. 2022 पासून पूर्ण वेळ बचावाचं काम करणारे सरकारी पगारी वकील नेमण्याची पद्धतही सुरू झाली आहे. ‘फुकटचा वकील काय करणार’ म्हणून घरचे मंगळसूत्र गहाण ठेवतात आणि मग ज्याला ते पैसे दिले त्याच्या नावानं रडतात. डिसेंबर 2024 मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठानं, महत्त्वाच्या टप्प्यांवर वकील नसलेल्या एका जन्मठेपेच्या कैद्याला निर्दोष सोडताना, मोफत मदत ही नावापुरती नको, उपयोगाची हवी, असं बजावलंय. आरोपीला वकील नाही हे कोर्टाच्या नजरेस आणून देणं सरकारी वकिलाचंही कर्तव्य आहे, असंही त्यात आहे.

शेवटी आपल्या मंडळ्यांना एक विनंती. आपण तुरुंगात नाताळची मिठाई नेतो, गाणी म्हणतो. चांगलंच आहे. पण शिक्षेनंतरच्या पहिल्या 30 दिवसांत त्या घराला मिठाई नको असते. कोणीतरी सोबत कोर्टात यावं, नकलेचा अर्ज लिहावा, गुजराती वाचून दाखवावं, आणि तारीख चुकली नाही ना एवढं विचारावं. तरुण संघात कॉलेज शिकलेली मुलं आहेत, दोघा-तिघा निवृत्त कारकुनांना वेळ आहे, एखादा तरुण वकीलही प्रत्येक मंडळीत सापडेल. महिन्यातून एक शनिवार पुरेल. आणि ज्या घरातलं माणूस गुन्ह्याला बळी पडलं आहे त्या घरासोबतही हेच करावं. त्यांनाही कोर्टाची भाषा तितकीच परकी असते.

आरोपी निर्दोष आहे की नाही हे ठरवायचं काम ना माझं, ना मंडळीचं. ते कोर्टाचं आहे. पण त्याची बाजू कोर्टापर्यंत पोचली का, हे पाहायचं काम शेजाऱ्याचं आहे, आणि त्याला वकिलीची पदवी लागत नाही.

आपला,
एक वाचक, उधना, सुरत